चौदा कधीच न दाखवणारा तराजू: संतुलित त्रिमान पद्धतीचं एक प्रकरण

२२ डिसेंबर हा रामानुजनचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन. त्यासाठी नागपुरातल्या एका शाळेत नववीच्या मुलांनी एक तराजू मांडला. दोन पारडी आणि एक रुपयाच्या नाण्यांच्या चार चळती, १, ३, ९ आणि २७ नाण्यांच्या. पाहुण्यानं डब्यातून १ ते ४० मधली कितीही नाणी मुठीत घ्यायची आणि डाव्या पारड्यातल्या वाटीत ठेवायची. मुलं ती मोजणार नाहीत. चार चळती इकडे-तिकडे ठेवून तराजू समतोल करतील आणि आकडा सांगतील. मग पाहुण्यानं नाणी मोजून पाहायची.

पहिल्या तासाभरातच तक्रार आली. ६ बरोबर, ११ बरोबर, १३ बरोबर. पण १४ नाण्यांना तराजूनं १५ सांगितलं, २० ला २१, २६ ला २७, ३१ ला ३२. ४० नाणी ठेवली तेव्हा चारही चळती समोर टाकूनही पाहुण्याचं पारडं खालीच राहिलं. टेबलामागची मुलगी शिक्षिकेला म्हणाली, "मॅडम, चौदा येऊनच नाही राहिलं." या वाक्यात निदानाचा निम्मा भाग होता. तो कसा, हे समजण्याआधी पद्धत समजायला हवी.

मांडणीमागची पद्धत

तराजूच्या एकाच पारड्यात वजनं टाकायची तर दर वजनाचे दोनच पर्याय असतात, ठेवलं किंवा नाही ठेवलं. तेव्हा १, २, ४, ८, १६, ३२ अशी दुप्पट होत जाणारी सहा वजनं घेतल्याशिवाय ४० पर्यंत पोचता येत नाही. दोन्ही पारडी वापरली की दर वजनाचे तीन पर्याय होतात: समोरच्या पारड्यात (+), बाजूला (०), किंवा मालाच्याच पारड्यात (−). चार वजनांच्या मांडण्या होतात ३ × ३ × ३ × ३ = ८१, आणि −४० ते +४० या पूर्णांकांची संख्याही ८१ च. एकही मांडणी वाया जात नाही आणि एकही आकडा दोनदा येत नाही. संख्या अशी लिहिण्याला संतुलित त्रिमान पद्धती म्हणता येईल. पाया ३, पण अंक ०, १, २ नसून −१, ०, +१.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. आपण २९ ला 'नऊ-वीस' म्हणत नाही, एकोणतीस म्हणतो, तिसाला एक उणे. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव उणा. वैदिक गणिताच्या वर्गात शिकवतात ते डोक्यावर रेघ असलेले उणे अंक, म्हणजे विनकुलम, तेही याच जातीचे. संतुलित त्रिमान पद्धतीत हा 'उणे' सवलत म्हणून येत नाही, तो पूर्ण हक्काचा अंक असतो.

अंक २७, ९, ३, १ या क्रमानं लिहायचे. मग ५ = ० + − −, म्हणजे ९ समोर आणि ३ व १ मालाबरोबर. १४ = + − − −. २३ = + ० − −. ४० = + + + +.

या चार वजनांत एक योगायोग दडलेला आहे. १ + ३ + ९ + २७ = ४०, आणि जुना मण ४० शेरांचा. १, ३, ९, २७ शेरांची चार वजनं आणि दोन पारडी असली की एक शेरापासून एक मणापर्यंत प्रत्येक पूर्ण शेर तोलता आला असता. मुलांनी फलकावर लिहिलं होतं की जुने व्यापारी असंच तोलायचे. ते काढायला लावलं, आणि योग्यच केलं. शेराखालची मापं अर्ध्या-अर्ध्यानं उतरत: अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक, १६ छटाकांचा शेर. ती दुपटीची मालिका आहे, तिपटीची नव्हे. आजच्या दुकानातली प्रमाणित वजनं १-२-५ च्या चालीवर असतात. तिपटीची वजनं हा गणितातला प्रश्न म्हणून जुना आहे. १२०२ साली इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञानं तो मांडला आणि १६१२ साली फ्रान्समधल्या बाशेच्या कोड्यांमुळे तो प्रसिद्ध झाला. बाशेच्या कोड्यातही शेवटचा आकडा ४० च होता. पद्धत नुसत्या कोड्यातच अडकून राहिली नाही. इंग्लंडमध्ये टॉमस फाउलरनं १८४० मध्ये याच अंकांवर चालणारं लाकडी गणकयंत्र बनवलं, आणि १९५८ साली मॉस्को विद्यापीठात ब्रुसेन्त्सोव्हच्या चमूनं सेतुन हा संगणक याच पायावर उभा केला.

नाणी न मोजता आकडा कसा काढतात

बहुतेक मुलं इथे पहिली चूक करतात. समोर २७ ठेवायचे, पारडं खाली गेलं की 'जड झालं' म्हणून काढायचे, मग ९ ठेवायचे. माल १४ ते २६ नाण्यांचा असेल तर या वाटेनं तराजू कधीच बसत नाही. २७ काढल्यावर उरलेल्या तिन्ही चळती मिळून १३ च होतात.

म्हणून पहिली तुलना २७ शी करायचीच नाही, १३ शी करायची. ९, ३ आणि १ या तिन्ही चळती समोर ठेवायच्या. माल त्यांच्यापेक्षा जड असेल तर २७ लागणारच, हलका असेल तर २७ नकोच, आणि समतोल झाला तर माल नेमका १३. धाकट्या सगळ्या मिळून थोरलीच्या निम्म्याहून थोड्या कमी भरतात, १३ विरुद्ध साडेतेरा, आणि म्हणूनच हा निकाल पक्का लागतो.

पुढची पायरी ९ ची, आणि तिचा निकष ४, म्हणजे ३ + १. आधी ठरलेली मांडणी तशीच ठेवून ३ आणि १ समोर टाकायचे. तरी माल जड, तर ९ समोर. नाहीतर ३ आणि १ उचलून मालाच्या पारड्यात ठेवायचे. तेव्हाही समोरची बाजू जड, तर ९ मालाबरोबर. दोन्हीपैकी काहीच नाही, तर ९ बाहेर. मग ३ साठी हेच, निकष १ चा. शेवटची १ ची चळत कुठे जायची ते तराजूच दाखवतो. पहिली तुलना एक, ९ आणि ३ साठी जास्तीत जास्त दोन-दोन, १ साठी एक, अशा सहा तुलनांत कुठलाही आकडा हाती येतो. मधेच समतोल झाला तर लवकर सुटका.

आकडा आधीच माहीत असेल आणि फक्त मांडणी हवी असेल तर कागदावर दोन वाटा आहेत. पहिली: ३ नं भागत जा, बाकी २ आली तर − लिहा आणि भागाकारात १ मिळवा. २३ भागिले ३, भागाकार ७, बाकी २, म्हणून − आणि पुढे ८. ८ भागिले ३, भागाकार २, बाकी २, पुन्हा − आणि पुढे ३. मग ०, मग +. उलट वाचलं की + ० − −. भागाकारात १ मिळवायचं विसरलं की २३ चं उत्तर − + − म्हणजे −७ येतं. शून्य नसलेला सगळ्यात डावा अंक संख्येचं चिन्ह सांगतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. त्यामुळे अशी विसरभोळी चूक पुष्कळदा पहिल्या अंकातच पकडली जाते. दुसरी वाट छोट्या मुलांना जास्त रुचते. संख्येत ४० मिळवा, साध्या त्रिमानात (०, १, २ या अंकांत) लिहा, दर अंकातून १ वजा करा. २३ + ४० = ६३, साध्या त्रिमानात २१००. दर अंकातून एक काढला की १, ०, −१, −१. तेच उत्तर. ४० म्हणजे त्रिमानात ११११, म्हणून हे जमतं.

तराजूची बांधणी

लाकडी पट्टी ३२ सेंटीमीटर, वजन सुमारे ६० ग्रॅम. मध्यभागी खिळ्याचं भोक, दोन्ही बाजूंना बरोबर १५ सेंटीमीटरवर पारड्यांची भोकं. पारडी प्लॅस्टिकच्या डब्यांच्या झाकणांची, दोरीसह २०-२० ग्रॅमची. एका पारड्यात वाटी, म्हणून दुसऱ्यातही तशीच रिकामी वाटी. उरलेला बारीक फरक हलक्या बाजूला मातीची गोळी चिकटवून घालवला होता.

एकक म्हणून नाणं निवडलं, कारण ते स्वस्त आहे आणि टाकसाळीतून एका मापानं येतं. नागपुरात कुणीतरी 'संत्री घ्या' असं म्हणणारच, आणि तसं सुचवलंही गेलं. पण दोन संत्री सारख्या वजनाची मिळत नाहीत, आणि जिथे एककच बदलतं तिथे पूर्णांकाचा खेळ होत नाही. चळतींना ४० आणि मालाला ४०, म्हणजे एकूण ८० नाणी, खर्च ८० रुपये, आणि तोही प्रदर्शनानंतर परत.

२०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, व्यास २१.९३ मिलिमीटर. ४० नाणी म्हणजे १५१.६ ग्रॅम. कुठल्याही मांडणीत एका पारड्यात याहून जास्त भार येत नाही, कारण समोर जास्तीत जास्त चारही चळती, आणि मालाच्या बाजूचा भार समतोलाच्या वेळी तेवढाच.

मधलं भोक कडेच्या भोकांना जोडणाऱ्या रेषेच्या किती वर आहे, यावर तराजूची नजर ठरते. ते रेषेच्या खाली गेलं तर दांडी उलटते. फार वर गेलं तर दांडी सुस्त होते. या तराजूत ते १० मिलिमीटर वर होतं. पूर्ण भाराला एका नाण्याच्या फरकानं दांडीचं टोक सुमारे २ सेंटीमीटर झुकतं, तेवढं टेबलापलीकडून दिसतं. पाव-अर्ध्या ग्रॅमचा फरक मात्र दीड-अडीच मिलिमीटरच हलवतो आणि खिळ्याच्या घर्षणात जिरतो. ही बाब या प्रकरणात पुढे कळीची ठरली.

निदान: तीन संशयित

तराजू चुकतो तेव्हा दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो, आणि तिन्हींची खूण वेगळी.

पारड्यांचा मूळ तोल चुकला असेल, म्हणजे रिकामा तराजूच समतोल नसेल, तर चूक १ नाण्यापासून दिसते आणि सगळीकडे सारखीच दिसते. इथे १३ पर्यंत काहीच चूक नव्हती. हा संशयित सुटला.

दांडीचे दोन हात असमान असतील तर चूक भाराबरोबर वाढते. १५० मिलिमीटरच्या हातात १ मिलिमीटरचा फरक म्हणजे दोन तृतीयांश टक्का. ४० नाण्यांना तो पाव नाण्याच्या थोडा वर भरतो, २ मिलिमीटर फरक असेल तर अर्ध्या नाण्याच्या वर. अशा तराजूत १० ला काही जाणवत नाही, २५ ला शंका येते, ४० ला खात्री पटते. इथे चूक हळूहळू वाढलेली नव्हती. १३ ला शून्य, १४ ला पूर्ण एक, आणि ३९ पर्यंत तेवढीच एक. शिवाय दोन्ही पारड्यांतला भार आपसांत बदलून पाहिला. हात असमान असतील तर अदलाबदलीत तोल बिघडतो. तो बिघडला नाही.

उरल्या चळती. आणि इथे पद्धत स्वतःच साक्ष देते. एखादी चळत खोटी असेल तर चूक नेमक्या त्याच आकड्यांत येते ज्यांच्या मांडणीत त्या चळतीचा अंक शून्य नाही. अंक + असेल तर चूक एका दिशेनं, − असेल तर उलट दिशेनं. म्हणजे चुकीच्या आकड्यांची रांग ही त्या चळतीच्या अंकांच्या स्तंभाची सावली असते.

२७ चा स्तंभ वाचा: १ ते १३ मध्ये ०, १४ ते ४० मध्ये +. चूकही नेमकी तशीच, १३ पर्यंत नाही, १४ पासून सलग, एकाच दिशेनं. तराजू एक जास्त सांगतो, म्हणजे चळतीवर लिहिलेल्या २७ पेक्षा ती एका नाण्यानं हलकी आहे.

हाच दोष ९ च्या चळतीत असता तर चित्र पार वेगळं दिसलं असतं. ५ ते १२ एकानं जास्त, १५ ते २२ एकानं कमी (तिथे ९ मालाबरोबर जातो), २३ ते ३१ अचूक, ३२ ते ३९ पुन्हा एकानं जास्त, आणि १३, १४ व ४० ला तराजू कुठल्याच मांडणीत बसला नसता. ३ ची चळत खोटी असती तर हीच उलटापालट आणखी जवळजवळ, दर तीन आकड्यांनी झाली असती.

आता 'चौदा येऊनच नाही राहिलं' चा अर्थ लागतो. २७ ची चळत २६ सारखी वागत असेल तर + − − − या मांडणीचं खरं मोल १३ होतं. पण १३ नाणी आली की पहिल्याच तुलनेत ९ + ३ + १ शी समतोल होतो आणि काम तिथेच थांबतं. त्यामुळे १४ ही मांडणी कुणाच्याच वाट्याला येत नाही. दुसऱ्या टोकाला सगळ्या चळती मिळून ३९ च भरतात, म्हणून ४० ला पारडं उचलत नाही. मधे एक पोकळी आणि शेवटी एक उणीव. २७ च्या चळतीत एक कमी असण्याची ही ठसठशीत खूण आहे.

चळत उघडल्यावर

समोरच्या पारड्यात २७ ची चळत, मालाच्या पारड्यात २६ सुटी नाणी: समतोल. २७ सुटी नाणी: माल जड. निदान बसलं. पण चळतीचा कागद उलगडून मोजली तेव्हा नाणी पूर्ण २७ निघाली.

संख्या बरोबर आणि वजन खोटं, असा प्रकार होता. चळतीत पाच नाणी २०१९ च्या नव्या मालिकेतली होती. ती ३.०९ ग्रॅमची आणि २० मिलिमीटर व्यासाची. एकेक नाणं ०.७० ग्रॅमनं हलकं, पाच मिळून ३.५० ग्रॅम. असायला हवे होते १०२.३३ ग्रॅम, होते ९८.८३, म्हणजे २६.०८ नाण्यांएवढे. हे ०.०८ नाणं, ०.२९ ग्रॅम, दांडीच्या सुस्तीत लपलं. त्यामुळे तराजू 'जवळपास बसला' असं न दाखवता 'बरोब्बर बसला' असं दाखवत राहिला, तेही चुकीच्या आकड्यावर. दांडीचं मधलं भोक ३ मिलिमीटरवर असतं तर हाच फरक टोकाला ५ मिलिमीटरच्या आसपास दिसला असता आणि मुलांना तेव्हाच खटकलं असतं.

पाच नाणी तिथे आली कशी, हेही सरळ आहे. ८० नाणी जमवताना ७५ जुन्या मालिकेची निवडून झाली. शेवटची पाच जवळच्या किराणा दुकानातून सुटी आणली. सगळ्यात मोठी चळत सगळ्यात शेवटी बांधली गेली, म्हणून पाचही तिच्यात. जाड पांढऱ्या कागदात गुंडाळल्यामुळे कडेवरची पायरी झाकली गेली. पारदर्शक चिकटपट्टीत बांधली असती तर बोट फिरवताच समजलं असतं, व्यासात जवळजवळ २ मिलिमीटरचा फरक आहे. २०११ च्या आधीचं एक रुपयाचं नाणं तर ४.८५ ग्रॅमचं आणि २५ मिलिमीटरचं. अशी तीन-चार मिसळली तर चळत उलट जड होते.

नाणी बदलली, चळती चिकटपट्टीत बांधल्या. कापडी पिशव्यांचा पर्याय सुचला होता, तो सोडून दिला. छोटी कापडी पिशवी सहज ३-४ ग्रॅमची असते, म्हणजे अख्खं एक नाणं, आणि जितक्या चळती वापराव्या तितक्या वेळा ती हिशेबात शिरते.

तपासणी: १, २, ५, १४

दुरुस्तीनंतर तराजू पुन्हा तपासायला ४० च्या ४० आकडे तोलायची गरज नाही. चार पुरतात: १, २, ५ आणि १४. हे असे आकडे आहेत जिथे नवी चळत पहिल्यांदा लागते आणि तिच्या आधीच्या सगळ्या मालाबरोबर जातात. १ मध्ये फक्त पहिली चळत तपासली जाते. २ = ३ − १, म्हणजे पहिली खरी असेल तर आता ३ ची खरी-खोटी ठरते. ५ = ९ − ३ − १, तिथे ९ ची. १४ मध्ये २७ ची. प्रत्येक पायरीवर एकच नवी चळत येत असल्यामुळे एकीची चूक दुसरीत बुडून जात नाही.

काही जण फक्त ४० तोलून समाधान मानतात. ते अपुरं आहे. ९ मध्ये एक कमी आणि ३ मध्ये एक जास्त असेल तर ४० ला तराजू बिनतक्रार बसतो आणि ५ ला तोंडघशी पाडतो. मात्र चौघांच्या जोडीला पाचवं तोलन म्हणून ४० घ्यावं, कारण पूर्ण भाराला दांडीचे हात सारखे आहेत का, हे तिथेच कळतं.

नोंदीतल्या चुका पकडणं

चळती दुरुस्त झाल्यावरही दुपारपर्यंत दोन नोंदी चुकल्या, आणि त्या माणसांच्या होत्या. मुलं टेबलामागे, पाहुणे पुढे. मुलांचं डावं ते पाहुण्यांचं उजवं. मांडणीचा तक्ता पाहुण्यांच्या बाजूनं वाचून एका मुलानं १ ची चळत भलत्या पारड्यात टाकली. पारड्यांना डावं-उजवं म्हणणं तेव्हाच बंद केलं. मालाचं पारडं नारिंगी, समोरचं पांढरं.

संख्येची सम-विषमता इथे फुकटची राखणदार आहे. चारही चळती विषम आहेत, म्हणून वापरलेल्या चळतींची संख्या, दोन्ही पारड्यांतली मिळून, सम असेल तर आकडा सम, विषम असेल तर विषम. २३ ला तीन चळती. १४ ला चार. सकाळी २० नाण्यांच्या मालाला तीन चळती लागल्या होत्या, म्हणजे २७, ३ समोर आणि ९ मालाबरोबर, तेव्हाच हे मोजलं असतं तर वजनात खोट आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं. चळत विसरली गेली तरी ही कसोटी पकडते.

चुकीच्या पारड्यात पडलेली चळत मात्र तिच्या नजरेतून सुटते. पारडं बदललं की आकडा चळतीच्या दुपटीनं बदलतो, आणि दुप्पट नेहमी सम. त्यासाठी चारची कसोटी लावावी. ३ म्हणजे चारला एक कमी, म्हणून अंकांना उजवीकडून आळीपाळीनं अधिक-उणे करायचं: १ चा अंक, वजा ३ चा, अधिक ९ चा, वजा २७ चा. येईल त्याला ४ नं भागल्यावर संख्येइतकीच बाकी हवी. २३ साठी −१ + १ + ० − १ = −१, म्हणजे बाकी ३, आणि २३ मध्येही ४ चे पाच गट जाऊन ३ उरतात. त्याच मांडणीत १ ची चळत पांढऱ्या पारड्यात पडली असेल तर बेरीज १ येते. फरक दोनाचा, चूक उघडी. दोन चळती एकाच वेळी भलत्या पारड्यांत गेल्या तर मात्र ही कसोटीही फसते. तसं क्वचित होतं.

तिनानं भाग जाण्यासाठी तर हिशेबच नको. १ ची चळत बाजूला पडून असेल तर आकडा ३ च्या पटीत. १ आणि ३ दोन्ही बाजूला असतील तर ९ च्या पटीत.

गर्दीत १ ची चळत हरवली तर काय, हा प्रश्न मुलांनीच विचारला आणि तो सगळ्यात सुंदर निघाला. ती नसताना तराजू जिथे सर्वांत कमी झुकतो तो आकडा खऱ्या आकड्याच्या सगळ्यात जवळची ३ ची पट असतो. २३ चे + ० − − यातला शेवटचा अंक खोडला की २७ − ३ = २४. २२ चे + − + + खोडले की २१. चूक कधीच १ पेक्षा जास्त नाही. दशमान पद्धतीत २९ मधला ९ नुसता खोडला तर २० उरतात, जवळचे ३० येत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम पाळावा लागतो. इथे खोडणं हेच जवळच्या पटीत नेणं. १ आणि ३ दोन्ही हरवल्या तर सर्वांत जवळची ९ ची पट मिळते, चूक जास्तीत जास्त ४.

पुढे वाढवायचं असेल तर

हाच तराजू २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी पुन्हा मांडायचा तर नागपुरात तोवर पंखे लागलेले असतात. झाकणांची हलकी पारडी वाऱ्यानं डोलतात आणि एका नाण्याचा झुकाव वाचता येत नाही. टेबल पंख्याखालून हलवावं, किंवा तीन बाजूंनी पुठ्ठा लावावा.

पाचवी चळत, ८१ ची, जोडली की मजल १२१ पर्यंत जाते. चळतींना १२१ आणि मालाला १२१, म्हणजे २४२ नाणी लागतात, सगळी एकाच मालिकेतली. एका पारड्यावरचा भार ४५९ ग्रॅमपर्यंत चढतो. अर्ध्या नाण्याची चूक टाळायची तर दांडीच्या हातांतला फरक ०.६ मिलिमीटरच्या आत हवा. शाळेच्या कर्मशाळेत हातानं पाडलेल्या भोकांना ते साधत नाही, भोकं ड्रिल स्टँडवर पाडावी लागतात. तपासणीच्या यादीत तेव्हा एक आकडा वाढतो: १, २, ५, १४, ४१.